वापरात असलेली केबल

बन्नूरजवळच्या आमच्या घरापर्यंत तीन वर्षांपूर्वी सरकारी इंटरनेटची केबल आली आणि दाराबाहेरच थांबली. अंगणावर आडव्या लोंबणाऱ्या त्या केबलवर मी धृतीची झबली वाळत घालते. माझी लेक धृती दीड वर्षाची. कानाला यंत्र लावल्यापासून म्हैसूरच्या बाई तिला व्हिडिओवर बोलायला शिकवतात. पण मोबाइलचं नेट असं, की ‘आई’ शिकवताना बाईंचे ओठ ‘आ’वरच थिजतात. म्हणून जोडणीच्या निधीसाठी मी अर्ज केला. आज तपासणीला आलेले साहेब कागद चाळून म्हणाले, “निधी कसा मिळेल, अम्मा? नोंदीत तुमची केबल वापरात आहे.” “आहे की! या बघायला.” अंगणात त्यांनी फोटोसाठी मोबाइल उचलला आणि ते चपापले. “हे कपडे जरा काढता?” कडेवरची धृती त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होती. “नाही काढणार, सर. झबल्यांसकट घ्या फोटो. वापर दिसू दे.”