सोसंल अशी गोळी

सरुबाईंनी सुप्याहून आणलेली पिशवी बारामतीच्या दवाखान्यात टेबलावर उपडी केली. डॉक्टर ज्योत्स्नांनी गोळ्या मोजल्या. पहिल्या पाकिटातल्या दहापैकी आठ शिल्लक होत्या, दुसऱ्यातल्या सात. प्रेशर एकशेनव्वदवर एकशेदहा होतं.

"मावशी, अशानं एक दिवस डोक्यातली शीर फुटेल."

"पयल्या गोळीनं सारखं लघवीला उठावं लागतं, बाई. भायेरनं आलं की मालक इचारत्यात, कुणाला भेटून आलीस? अन् काठी काढत्यात."

"आणि दुसरी?"

"तिनं खोकला येतो. त्यांची झोप मोडली की माझं डोस्कं भित्तीवर आपटत्यात."

ज्योत्स्नांचं पेन थांबलं. "पोलिसांत जायचं का? मी येते सोबत."

"आदी गोळीचं सांगा."

"तिसरी एक आहे. पण तिनं पाय सुजतात."

सरुबाई पहिल्यांदाच हसल्या. "मंग तीच द्या. पाय सुजले म्हून त्यांची झोप न्हाय मोडत."

महिन्याभरानं त्या पुन्हा आल्या. दोन्ही घोट्यांवर सूज होती आणि पाकीट रिकामं होतं. डावा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे डॉक्टरांनी पट्टा उजव्या दंडाला बांधला. प्रेशर एकशेतीसवर ऐंशी भरलं.