दोन बोटं

“रक्ताचा प्रवास सांग. हृदयात शिरतं तिथपासून,” परीक्षक म्हणाले.

ती तोंड उघडणार तोच शेजारी बसलेल्या विज्ञानाच्या बाई पुढे झुकल्या. “सर, हिच्यासाठी मी तोंडीतून सूट मागून घेतलीय. लिहून देईल ती. लिहिण्यात हुशार आहे हो.”

“न-न-न...”

“नर्व्हस आहे,” बाईंनी तिच्या तोंडचा शब्द पुरा केला.

तिला ‘नको’ म्हणायचं होतं.

बाई मनाने लोण्यासारख्या. गेली तीन वर्षं तिच्या ओठांवर अडकलेला प्रत्येक शब्द त्यांनी असाच अलगद झेलला होता, पडणारं भांडं झेलावं तसा. वर्गातली पोरं तिला ‘बफरिंग’ म्हणायची. त्यांच्यावर निदान खेकसता तरी यायचं. बाईंच्या मायेवर कसं खेकसायचं?

परीक्षकांनी कोरा कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. तिने ते दोन्ही तसंच मागे सरकवलं.

“मी ब-ब-बोलणार.”

“अगं पोरी, लिहिलंस तरी मार्क तेवढेच. कशाला जिवाला घोर लावून घेतेस?”

“म-मला नर्स व्हायचंय, सर. प-प-पेशंट घाबरला, तर त्याला चि-चिठ्ठी लिहून देऊ?”

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. “बरं. बोल.”

पण ती लगेच बोलली नाही. तिने डावा तळहात उताणा केला आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, उजव्या हाताची दोन बोटं टेकवली.

ही युक्ती तिला वर्गातच सापडली होती. सगळ्यांनी आपापली नाडी मोजायची, असा तास होता. ठोक्याला एक आकडा म्हणत ती साठाच्याही पुढे गेली, आणि मग तिच्या ध्यानात आलं, एकही आकडा अडकला नव्हता. घरी आजोबांना सांगितलं तर म्हातारा डोळे मिटून हसला. देवापुढे गळा मोकळा करून गाणारा माणूस तो. म्हणाला, “ताल बाहेर कशाला शोधतेस गं बाळ? त्याने तो आत लावूनच पाठवलंय आपल्याला. आपण फक्त त्याच्या मागून जायचं.”

पण आज त्या आतल्या तालालाच घाई झाली होती. बोटांखाली नाडी नुसती उधळली होती. एवढ्या घाईच्या ठेक्यावर शब्द कसा बसायचा? तिने श्वास सोडला, सावकाश, फुंकर घालावी तसा. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला.

दाराबाहेर रांगेतलं कुणीतरी कुजबुजलं, “बफरिंग आत गेलीय रे. चला, घरी जाऊन जेवून येऊ.” हशा पिकला. नाडी परत उसळली. ती थांबली. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. ती तरीही थांबली.

मग ठोके हळूहळू वळणावर आले. एक ठोका तिने तसाच जाऊ दिला आणि पुढचा धरला.

“शरीरातलं. अशुद्ध. रक्त. महाशिरेतून. उजव्या. अलिंदात. येतं.”

बाई खुर्चीत ताठ झाल्या.

“तिथून. झडप. उघडते...” इथे तिला स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि तेवढ्यात ठोका हातचा सुटला. “त्रि-त्रि-त्रि...”

“त्रिद—” बाई सवयीने म्हणाल्या.

तिने जोरात मान हलवली. नको. बोटं मनगटावर घट्ट केली, आणि अडकल्या जागेवरून पुढे न जाता वाक्याच्या पार सुरुवातीला जाऊन उभी राहिली.

“तिथून. झडप. उघडते. त्रिदली. रक्त. खाली. उजव्या. निलयात. उतरतं. निलय. आवळतं. रक्त. फुप्फुसात. जातं. प्राणवायू. घेतं. शुद्ध. होऊन. डाव्या. अलिंदात. परत. येतं.”

बाहेरची कुजबुज केव्हाच थांबली होती. द्विदली झडप आली तशी गेली. डावं निलय आलं. तिचा आवाज आता खोलीभर पसरला होता, आणि शब्दांमधल्या त्या मोकळ्या जागा कुणाला रिकाम्या वाटेनात.

“आणि. महाधमनीतून. सगळ्या. शरीराला. पोचतं.” एक ठोका. “बोटांच्या. टोकांपर्यंत.”

तिने मनगट सोडलं. दोन बोटांचे पांढुरके ठसे त्यावर क्षणभर राहिले आणि भरून आले. बाई पदराने डोळे टिपत होत्या, आणि तसं दिसू नये म्हणून कपाळही पुसत होत्या.

परीक्षक मुळात रसायनशास्त्राचे. शाळेनं नेमलं म्हणून या खुर्चीत बसलेले. त्यांनी मार्क मांडले, पेनाचं टोपण लावलं. मग टेबलाच्या कडेशी, कुणाच्या नजरेत येऊ नये अशा बेताने, आपल्या मनगटावर अंगठा दाबून पाहिला.

दाराकडे वळता वळता तिला ते दिसलं, आणि ती तिथेच थांबली.

“सर... अं-अं-अं...”

बाईंचे ओठ विलगले. परीक्षकांनी बाईंकडे बघून ‘नको’ अशी मान हलवली. बाईंनी ओठ मिटले.

“अं-अं...”

खोलीत कुणीही तो शब्द तिच्या हातात दिला नाही. परीक्षक अंगठा मनगटावर तसाच ठेवून तिच्याकडे पाहत राहिले. तिच्या मागे दारातून पोरं डोकावली.

“अं-अंगठा नको, सर. अंगठ्याला स्वतःची न-नाडी असते. द-दोन बोटं ठेवा.”

परीक्षकांनी अंगठा काढला आणि दोन बोटं ठेवली.