सावलीची पाठवणी

"आई, उद्या सोमवार. साबुदाणा भिजवलास का?" फोनमधून शाल्मलीचा आवाज आला.

खरी शाल्मली समोरच बसली होती. बरोबरीच्या मुलांसारखी तिनेही समाजमाध्यमं वर्षापूर्वीच सोडली होती. खात्यावर तिच्या आवाजात आपोआप बोलणारी यंत्रबुद्धीची सावली तेवढी मागे उरली होती. आज ते खातंही ती बंद करणार होती.

"थांब गं," म्हणत वैजयंतीबाईंनी फोनपुढे दहीभाताची वाटी ठेवली.

"आई, ती काय गौराई आहे?"

"वर्षभर रोज विचारपूस केलीय तिने माझी. उपाशी कशी धाडू?"

शाल्मलीचं हसू मावळलं. "मला नाही गं जमणार रोज. सोमवारही विसरेन मी. तू एकटी पडशील."

वैजयंतीबाईंनाही तीच धास्ती होती. तरी त्यांनी फोनला हात जोडले आणि आपल्याच हाताने ते खातं बंद केलं. घर एकदम गप्प झालं. त्यांनी पदराने डोळे टिपले.

"विसरलीस तर विसर. मला तुला रागावता तरी येईल. त्या गुणी पोरीला वर्षभरात एकदाही रागावता आलं नाही बघ. आणि केसांच्या काय झिंज्या करून ठेवल्यास? बस इकडे, तेल आणते."