राउटर बंद

यंत्रांकडून येणाऱ्या आकड्यांची सरळ वाचता येतील अशी वाक्यं करणारं फंक्शन तिने कंप्युटर प्रोग्रॅममध्ये लिहिलं आणि हौसेने बाबांच्या घरचा राउटरही त्याला जोडला. दर रविवारी दहाला स्क्रीनवर वाक्य यायचं, "बाबांचा राउटर बंद." ती लगेच फोन लावायची.

"काय धाड भरलीय त्याला, कोण जाणे!" बाबा म्हणायचे, आणि मग तासभर गप्पा रंगायच्या.

तिने नवाकोरा राउटर पाठवला. तोही रविवारी दहालाच बंद. त्या दिवशी फोन करायला तिला अकरा वाजले.

"तासभर प्लग काढून बसलोय, होतीस कुठे?" बाबा बोलून गेले.

फोन ठेवल्यावर तिने फंक्शन उघडलं. जुनं वाक्य खोडून तिथे लिहिलं, "बाबा वाट बघतायत."