वाडीतली बावीस पोरं

गाडीचा हॉर्न वाजला आणि बालवाडीच्या बाई प्रणितानं दाराकडे पाहिलं.

समोर चटईवर बावीस पोरं बसली होती. भांग पाडलेली, पावडर फासलेली, हाताची घडी घातलेली. पण यातलं एकही पोर या कातकरवाडीतलं नव्हतं. सगळी सकाळीच टेम्पोत घालून गावातून आणलेली.

"सांगितलंय तेवढंच बोल," महिपतीभाऊ दारातून कुजबुजले. संस्था त्यांची. "कागदावर वाडीतली बालवाडी लिहिलीय. भट्टीचं नाव काढलंस ना, तर पैसे देणारं पेणचं फाउंडेशन हात काढून घेईल. मग बंद सगळं."

दिवाळी झाली की अख्खी वाडी वीटभट्टीवर जाते, ती पावसाच्या तोंडावर परत येते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अर्ज लिहिताना भाऊंना तेवढं सुचलं नाही आणि आता सांगायची लाज! प्रणिता पोरांच्या मागोमाग रोज खांब गावच्या भट्टीवर जाऊन शिकवत होती, आणि चोरी केल्यासारखी तोंड शिवून बसली होती. तिला स्वतःचाच संताप आला.

फाउंडेशनच्या सुरभी मॅडम आत आल्या. पोरांनी गाणं म्हटलं, अंक म्हटले. मॅडमनी मान डोलावली, पण हातातल्या कागदावर एक अक्षर लिहिलं नाही.

"छान. आता वाडीत एक चक्कर मारू."

"ऊन लय हाय मॅडम," भाऊ घाईनं म्हणाले. "आधी चहा घ्या."

मॅडम केव्हाच बाहेर पडल्या होत्या. घरांची दारं ओढून बांधलेली. त्या मधेच थांबल्या. "माझी गाडी थेट इथवर आली. एक कुत्रंसुद्धा भुंकलं नाही."

ओट्यावर म्हातारी जानी बसली होती, ती म्हणाली. "कुत्री कुठली गो बाय? माणसांसंगं तीपण ट्रकात बसून भट्टीवर गेली. मी एकटीच हाय हितं."

प्रणिताला राहवेना. "मॅडम, ती पोरं गावातली हायत. वाडीची पोरं खांबला भट्टीवर हायत. मी रोज तिथं जाऊन शिकवते."

मॅडम तिच्याकडे वळल्या. "मघाशीसुद्धा तुम्ही पोरं दाखवलीत. आता हे तरी खरं कशावरून?"

वाडीला दुसरी बालवाडी नव्हती. ही बंद पडली की पोरं पुढच्या वर्षी विटांचा चिखल तुडवणार, एवढंच प्रणिताला दिसत होतं.

"चला खांबला," मॅडम म्हणाल्या.

भट्टीवर अनोळखी गाडी दिसताच मुकादमानं 'तपासणी आली, पोरं लपवा!' अशी आरोळी ठोकली. प्रणिता खाली उतरेपर्यंत पोरं कुठे पांगली देव जाणे. विटांच्या थप्प्या, धूर, मान खाली घालून काम करणारी माणसं. एक पोर दिसेल तर शपथ! संपलं, तिच्या मनात आलं.

तेवढ्यात थप्प्यांमागून सात-आठ कुत्री भुंकत अंगावर धावून आली. मॅडमनी घाबरून दार ओढून घेतलं. पण प्रणितापाशी येताच कुत्र्यांचं भुंकणं थांबलं. एकानं तिच्या पायाशी लोळण घेतली, दुसऱ्यानं तिच्या खांद्यावरच्या ओळखीच्या पिशवीत तोंड खुपसलं.

"कुणाची ही?" मॅडमनी काच खाली केली.

प्रणिता खाली वाकली. "हा काळ्या, पूजाचा. हा लंगडा, मोतीरामचा; त्याच्यामागे वर्गात येऊन बसतो. ही तांबडी, प्रदीपची..."

मॅडम खाली उतरल्या. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी पेन उघडलं.

"सावकाश सांगा," त्या म्हणाल्या. "पहिली कोण? पूजा?"