आवाज आला नाही

"ताई, आवाज आला नाही," धाकट्या भावाने हेडफोन काढत हळूच सांगितलं. माइकची केबल सैल झाली होती. चित्र आलं होतं, शब्द एकही नव्हता.

ताईने कॅमेरा थांबवला. समोर पलंगाच्या काठावर बसलेली बाई अजून तळहाताने डोळे पुसत होती. कारखान्यात बॉयलर फुटला, त्यात तिचा नवरा गेला. चूक त्याचीच, असं सांगून मालकांनी हात झटकले होते. त्याची शेवटची सकाळ तिने आत्ताच हुंदके देत सांगितली होती. असं सांगणं माणसाला एकदाच जमतं.

ताईच्या प्रत्येक माहितीपटात असं एक रडणं असायचं. घरं पाडलेल्यांचं, कामावरून काढलेल्यांचं, मुलं गमावलेल्यांचं. प्रेक्षक हळहळत, टाळ्या वाजवत आणि घरी जाऊन शांत झोपत. धंद्यातले लोक पाठीमागे तिला 'अश्रूताई' म्हणायचे. भाऊ तर तोंडावर म्हणायचा. एवढी वर्षं नोकरी ना चाकरी, खांद्यावर कॅमेरा टाकून दारोदार फिरून तिने कमावलेलं नाव ते हेच.

आता हे रडणं परत कुठून आणायचं? विचारायचं तरी कोणत्या तोंडाने?

बाईने दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"आवाज नाही आला ना? मग पुन्हा रडू का?" तिने सरळ विचारलं. "टीव्हीवाल्यांनी तीनदा सांगायला लावलं होतं. तिसऱ्यांदा चांगलं आलं म्हणाले."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पाहुण्याला आणखी चहा हवा का, असं विचारावं तसं तिने विचारलं होतं. म्हणूनच ते ताईला जास्त लागलं. ती कॅमेऱ्यामागून उठली आणि बाईसमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"नको," ती म्हणाली. "पुन्हा नको."

बाईचा चेहरा पडला. "म्हणजे मला घेणार नाही का सिनेमात?"

"घेणार तर. पण ती सकाळ राहू दे. तो कसा होता, ते सांगा."

हा प्रश्न बाईला आजवर कुणी विचारलाच नव्हता. मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"अहो, कसला माणूस! डोक्याला ताप नुसता. बाहेर निघालो की अर्ध्या रस्त्यातून परत. का, तर गॅस बंद केला का बघायला. मी सांगायचे, अहो, मी स्वतः बंद केलाय. पण ऐकेल तर शपथ! माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नाला आम्ही पोचलो, तेव्हा मांडव सोडत होते!"

ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. ताईच्या भावाने केबल कधीच घट्ट केली होती. त्याने खुणेने विचारलं.

"कॅमेरा चालू केला तर चालेल?" ताईने बाईला विचारलं.

"करा की. आता त्याचंच तर सांगतेय."

मग ती थांबलीच नाही. तो घोरायचा कसा, रुसायचा कसा, बेसूर गायचा कसा. गॅसचं तिने परत पहिल्यापासून सांगितलं, आणि या वेळी त्याच्या चालीची नक्कलही करून दाखवली.

माहितीपट दाखवला त्या संध्याकाळी बाई पहिल्या रांगेत बसली होती. मांडवाच्या गोष्टीला अख्खं सभागृह खदखदून हसलं. लगेच पुढच्या दृश्यात कारखान्याचे साहेब पडद्यावर आले आणि म्हणाले, "व्हॉल्व्ह बंद करायला तो विसरला. निव्वळ निष्काळजीपणा."

हसू जागच्या जागी थिजलं. ताईने निवेदनाचा एक शब्दही घातला नव्हता. काळोखात ती मागे उभी होती. टाळ्या वाजल्या नाहीत. दिवे लागले तरी कुणी जागचं उठेना. मग कामगारांचे वकील तिच्यापाशी आले. "हा माहितीपट मला द्या," ते म्हणाले. "चौकशी पुन्हा उघडायला लावतो."

तेवढ्यात एक तरुण वार्ताहर गर्दीतून वाट काढत बाईपर्यंत पोचला आणि त्याने तिच्यापुढे माइक धरला. ताई पुढे धावली, पण प्रश्न विचारून झाला होता. "मावशी, त्या दिवसाबद्दल काही सांगाल?"

बाईने त्याच्याकडे मायेने पाहिलं.

"कुठला दिवस सांगू, बाळा? आमचे पुष्कळ दिवस होते."