बांधलेलं बटण

बापूरावांनी इकडंतिकडं बघितलं, खिशातली चिंधी काढली आणि पत्र्यातून झाकणं दाबून काढणाऱ्या प्रेसचं डावं बटण दाबून तसंच करकचून बांधून टाकलं.

दोन बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची. त्यामुळं दोन्ही हात बटणांवर अडकलेले, साच्याखाली जायची सोयच नाही. आता एक हात मोकळा झाला. त्या हातानं तयार झाकण उचलायचं, पुढचा पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण दाबायचं. कामाला एकदम वेग आला. भाईंदर पूर्वेच्या या भांड्यांच्या गाळ्यात बापूरावांनी हयात घालवली होती. हात कधी आत न्यायचा आणि कधी बाहेर काढायचा, हे आपल्याला डोळे मिटूनही कळतं, असं त्यांना वाटायचं.

आणि आज वेग हवाच होता. सकाळी लाइट गेली ती बराच वेळ आलीच नाही, आणि नेमकी आजच पंचशीलाची शेवटची परीक्षा होती. त्यांची ही मुलगी याच गाळ्यात नोकरी करता करता इंजिनिअरिंग मॅनेजमेंटची डिग्री करत होती. आठवडाभर इथं काम, शनिवार-रविवार कॉलेज, आणि मार्क कामावरच. प्रेसची ही अख्खी लाइन तिनं नव्यानं मांडली होती. पत्रा कुठं ठेवायचा, माणसानं कुठं उभं राहायचं, ही दोन बटणं, सगळं तिचंच. दुपारपर्यंत किती झाकणं निघतील तेही तिनं लिहून दिलं होतं. तेच बघायला कॉलेजचे परीक्षक आले होते.

लेकीचा आकडा आपल्या मशीनवर कमी पडता कामा नये, एवढंच बापूरावांच्या डोक्यात होतं. परभणीकडून पोटासाठी आलेला माणूस. शाळा अर्ध्यातच सुटलेली. पण इंद्रलोक नाक्याच्या बाजूला भाजी आणायला गेले तरी ओळखीच्याला थांबवून सांगायचे, "आमची पंचू मॅनेजमेंट करतेय."

"बापूराव, जरा दमानं," शेजारच्या मशीनवरून दत्तारामनं हटकलं.

"आजच्या दिवस रे."

तेवढ्यात पंचशीला परीक्षकांना घेऊन लाइनवर आली. मागं मालक नीरजशेठ. ती पत्र्यांच्या रॅकबद्दल सांगत होती आणि सांगता सांगता गप्प झाली. बापूरावांनी वर बघितलं. तिची नजर चिंधीवर होती.

परीक्षकांना तिथंच सोडून ती लगबगीनं मशीनपाशी आली आणि तिनं लाल बटण दाबलं. प्रेस जागच्या जागी थांबली.

"हात बाहेर काढा, बापूराव."

घरी ती त्यांना पप्पा म्हणायची. गाळ्यातही तिनं आजवर कधी त्यांना नावानं हाक मारली नव्हती. दत्तारामनं आपली मशीन बंद केली. बापूरावांची कानशिलं तापली.

"अगं, थोडंच राहिलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "मी सांभाळून करतोय. तुझा आकडा..."

"पडू दे आकडा." ती चिंधीची गाठ सोडायला लागली.

नीरजशेठ पुढं आले. "पंचशीला, थोडा रुक जाती. सर के सामने ही करना था?"

"सर के सामने हाथ जाता तो, शेठ?"

परीक्षकांनी घड्याळ बघितलं, मग झाकणांची थप्पी बघितली.

"म्हणजे तुम्ही लिहून दिलेला आकडा आज निघणार नाही."

"नाही निघणार, सर."

"चूक ऑपरेटरची?"

बापूरावांनी मान खाली घातली. ती हो म्हणाली असती तर त्यात खोटं काहीच नव्हतं.

"नाही सर. माझी," पंचशीला म्हणाली. "लाइट गेली तर आकडा खाली आणायचा, हे मी ठरवलंच नव्हतं. मग माणसाला वाटणारच, काहीही करून भरून काढायचं. बटण त्यांनी बांधलं, पण बांधायला माझ्या आकड्यानं लावलं. तो आजच बदलते. आणि बटणंही बदलायला हवीत. एखादं बांधून ठेवलं तर मशीन चालूच होणार नाही, अशी."

परीक्षकांनी हातातला तिचा रिपोर्ट चाळला.

"हे तुमच्या रिपोर्टमध्ये नाही."

"आता घालते, सर."

"घाला. त्याशिवाय तो पुरा होत नव्हता. तेवढं घातलंत की तुम्ही पास."

दत्तारामनं टाळी वाजवायला हात वर केले आणि शेठकडे बघून खाली घेतले. शेठ गळ्यातल्या गळ्यात म्हणाले, "मंगवा लो नया बटन." मग ते ऑफिसकडे वळले.

जाता जाता परीक्षक बापूरावांपाशी थांबले. हा माणूस कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"काका, मॅडम सगळ्यांसमोर बोलल्या तुम्हाला. वाईट वाटलं?"

बापूरावांनी दोन्ही हात पॅंटला पुसले. डोळे भरून आले होते, ते पुसायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

"माझी लेक आहे ती, सर," ते म्हणाले. "मशीन बंद करणारे साहेब या गाळ्यात मी खूप बघितले, पण ते सगळे माणसाचा हात गेल्यावर धावत यायचे. हात जायच्या आधी आलेला साहेब आज पहिल्यांदा बघितला."